रातव्याचा भाऊ

ऑगस्ट लागला की माझा चष्मा आंधळा होतो. गाडीतल्या गारव्यातून दार उघडून बाहेर पाय टाकला की दोन्ही काचांवर पांढरी साय धरते, आणि मी आमच्याच फाटकासमोर किल्ली हातात घेऊन उभा राहतो. सदऱ्याच्या टोकाने पुसून उपयोग नसतो. पुसलं की पुन्हा धरते. बाहेरच्या हवेइतकी काच तापेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबणं मला कधी जमलेलं नाही. तीस वर्षं बहारिनच्या या बेटावर काढली; त्यातला प्रत्येक ऑगस्ट मी चष्म्याला शिव्या देण्यात घालवला आहे.

बुदैयाच्या रस्त्यावर आमच्या घराला लागून खजुराचा मळा आहे. मळ्याचा मालक म्हातारा बहारिनी, पण सगळं बघतो तो रफीक, बांगलादेशातल्या सिल्हेटकडचा. माझ्याच वयाचा असेल. याच दिवसांत खजूर मऊ पडतो, घोस मधाच्या रंगाचे होतात, आणि पोपट येतात. आपल्याकडचेच पोपट, हिरवेगार, लाल चोचीचे. कोणे एके काळी पिंजऱ्यातून सुटलेल्यांची ही पिलावळ म्हणतात. आता तेच इथले जुने रहिवासी. सकाळी सहाच्या सुमाराला थवा उतरतो आणि रफीक तुपाचा रिकामा डबा घेऊन झाडांखाली फिरत तो बडवायला लागतो. ठण, ठण, ठण. वर पोपटांचा ओरडा, खाली डबा.

"रफीकभाई, सुबह सुबह क्या लगाया है?" मी कुंपणावरून ओरडतो.

"क्या करेगा सेठ, तोता सब खलास करता है!"

तो बडवतच राहतो. त्या आवाजात दोन रानं आहेत. एक आमच्या गावचं, लांज्याच्या वर, सह्याद्रीच्या पायथ्याचं. दुसरं ॲमेझॉनचं. सात वर्षांपूर्वी अशाच एका ऑगस्टमध्ये मी बायको, मुलगी आणि म्हाताऱ्या वडिलांना घेऊन तिथे गेलो होतो.

मी हवा गार करून विकतो. मीना सलमानला माझं एसी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. बाविसाव्या वर्षी हेल्पर म्हणून आलो, खिडकीचे एसी पाठीवर घेऊन चार-चार मजले चढलो. आज अठरा माणसं माझ्या हाताखाली आहेत. हे कोणाच्या वशिल्याने झालेलं नाही, जिभेच्या जोरावर झालं आहे. भाव कसा करायचा हे मला कुणी शिकवलं नाही, पण या बेटावर माझ्याइतका भाव करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. समोरच्याने आकडा सांगितला की आधी हसायचं. मग आवाज चढवायचा. मग उठायचं आणि दाराकडे चालू लागायचं. दारापर्यंत पोचायच्या आत मागून हाक येते. आलीच पाहिजे. जो हाक यायच्या आधी मागे वळून बघतो, तो हरला.

आणि माझ्या धंद्यात शांतता म्हणजे बिघाड. यंत्र गप झालं की माणसं मला फोन करतात. घरात फ्रीजची घरघर थांबली तरी मला झोपेतून जाग येते. हे सगळं आधी सांगतो आहे, कारण अशा माणसाने रानात जाऊ नये. पण मी गेलो, आणि का गेलो तेही सांगतो.

माझ्या थोरल्या भावाने, वसंतदादाने, वडिलांना, म्हणजे आबांना, काशीला नेलं. तिकिटं मी काढली होती; ते असो. परत आल्यावर आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "वसंतानं गंगा दाखवली." दोन महिने तेच. मी दर शुक्रवारी इथून फोन करायचो आणि पलीकडे आबा कोणालातरी तेच सांगत असायचे. एकदा मी बायकोला, सुनंदाला म्हटलं, "घराला स्लॅब कोणी घातला? विहिरीवर पंप कोणी बसवला? पण गंगा दाखवली वसंतानं!"

ती म्हणाली, "अहो, पंपाचं कोण कोणाला सांगत बसतं?"

पुढच्या उन्हाळ्यात मी आबांना व्हिजिट व्हिसावर इथे आणलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. धोतर, कोपरी, खांद्यावर टॉवेल. खिडकीतून दिवसभर तपकिरी जमीन आणि मोटारी बघत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "हितं जनावर नाय काय रं?" त्या वेळी माझी मुलगी मनू आठवीत होती. ईसा टाउनच्या शाळेतून आलेली, जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून ती ॲमेझॉनच्या जंगलाचा प्रोजेक्ट करत होती. आबा तिच्याशेजारी जाऊन बसले. ती इंग्रजीत बोलायची, ते लांज्याच्या बोलीत. दोघांचं काही अडत नव्हतं.

"दिस इज अ स्लॉथ, आबा. ही इज व्हेरी स्लो."

"शाना हाय. पळतो तो आधी दिसतो."

मग त्यांनी चित्रावर बोट ठेवून विचारलं, "ह्या रानात जायला वाट हाय काय?"

मी तेव्हाच ठरवलं. आमच्या तालुक्यातला एकही म्हातारा जिथे गेला नाही, तिथे माझा बाप जाईल. आणि परत आल्यावर पडवीत बसून सांगेल, "दिन्यानं नेलं." एवढं एकच वाक्य मला हवं होतं. त्यासाठी मी व्हिसाच्या रांगेत उभा राहिलो, तीन विमानं बदलली, आणि मानाउस नावाच्या गावाहून पुढे अर्धा दिवस होडीने गेलो.

त्या होडीच्या गार केबिनमधून उतरताना माझा चष्मा आंधळा झाला होता. तीच साय, तीच दमट हवा. फक्त इथे तिला समुद्राचा आणि डिझेलचा वास येतो, तिथे कुजलेल्या पानांचा येत होता. भाद्रपदात आमच्या गावच्या ओढ्यातल्या साचलेल्या पाण्याच्या कोंडीजवळ येतो तसा. आबांनी पाय टाकताच नाक वर करून तो ओढून घेतला. वहाणा काढून हातात घेतल्या आणि चिखलातून अनवाणी चालत लॉजवर गेले.

नदीचं पाणी काळं, कोऱ्या चहासारखं. पावसाळ्यात ते इतकं चढतं की झाडं निम्म्यापर्यंत बुडतात. आता उतरत होतं. झाडांच्या खोडांवर दोन-दोन पुरुष उंचीवर पाण्याची रेघ राहिली होती. जिथे एरवी जमिनीवरून चालायचं, तिथे आम्ही होडीत बसून झाडांच्या फांद्यांमधून जात होतो. पाण्यात आभाळ इतकं स्वच्छ दिसायचं की होडी वर चालली आहे की खाली, कळू नये. सुनंदा काठ घट्ट धरून बसायची. मला त्या शांततेत कसंतरी व्हायचं. कान काहीतरी शोधत राहायचे, एखादी मोटर, एखादा पंखा. पहिल्याच पहाटे रानातून प्रचंड घरघर आली आणि मी अंथरुणातून उठून म्हणालो, "बेअरिंग गेलंय, कॉम्प्रेसर बंद करा!" ती पहाटे घशातून गर्जणारी लाल माकडं होती. मनू पोट धरून हसली. त्या सबंध सहलीत मी आधी ओळखलेलं जनावर तेवढं एकच, तेही चुकीचं.

आमचा वाटाड्या राइमुंदो. पन्नाशीचा, बुटका, पायांची बोटं फाकलेली. त्याला पोर्तुगीज यायचं आणि थोडं इंग्रजी, आबांना दोन्ही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून होडीत आबांची जागा पुढे, राइमुंदोच्या पायाशी ठरून गेली. आबा बोलत नसत. नुसती मान वळवत, आणि तो होडी तिकडे वळवी. कधी तो जिभेने चुक् करी, आबा मान हलवत. मग झाडाच्या बेचक्यात पोत्यासारखं लोंबणारं काहीतरी हळूच एक हात हलवी, आणि मनू श्वास रोखून म्हणे, "स्लॉथ!" गुलाबी डॉल्फिनची पाठ पाण्यावर आली तेव्हा मी "तो बघा, तो बघा" म्हणून उभा राहिलो आणि होडी कलंडता कलंडता राहिली. पाणमांजरांचं एक कुटुंब ओंडक्यावर मासे खात बसलं होतं. नेमकी तेव्हा माझ्या फोनला रेंज आली आणि तो वाजला. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा चिलर, सबंध इमारत गार ठेवणारं यंत्र, बंद पडला होता. मी फोनवर जे ओरडलो ते ऐकून सहाच्या सहा पाणमांजरं बुडाली ती पुन्हा वर आली नाहीत.

आबा मागे न बघता म्हणाले, "ह्याला अजून डबाच वाजवायचा हाय."

सुनंदाला ते कळलं नाही. मला कळलं.

आमच्या गावी भात पिकायला लागलं की राखण असते. रानडुकरं येतात, वानरं येतात, कधी वरून गवारेडे उतरतात. शेताच्या मधोमध चार खांबांवर माळा बांधतात. माळ्यावर आबा बसत आणि शेजारी दादा. मला ते बांधाच्या पार टोकाला, ओढ्याच्या बाजूला डबा देऊन उभं करत. माझा आवाज मोठा होता म्हणून. माझं काम एकच, बडवायचं आणि ओरडायचं, जनावराने त्या अंगाने येऊ नये. दादा वरून सगळं बघायचा. सकाळी घरी आल्यावर आईला सांगायचा, मादी होती, मागे चार पिल्लं होती, एकाचा पाय लंगडा होता. मी विचारायचो, "मला का नाय दिसली?" आबा म्हणायचे, "तू वाजवतोस म्हणून तर ती तुझ्याकडं येत नाय. तुझं काम चोख हाय." मला त्या शाबासकीचा तेव्हा अभिमान वाटला होता. पुढे कधीतरी वाटेनासा झाला.

चौथी सकाळ शेवटची होती. मी लॉजच्या बाईशी दोन तास घासाघीस करून त्या एका सकाळीत तीन ठिकाणं बसवून घेतली होती. मोठ्या पानांची कमळं, पिरान्हा माशांना गळ टाकणं, आणि पलीकडच्या ओढ्यातला पोपटांचा थवा. बाई दोनावर अडली होती; मी उठून दाराकडे चालू लागलो आणि तिने हाक मारली. आदल्या संध्याकाळी मी राइमुंदोला मनूकरवी असंही विचारलं होतं की पोपट दिसले नाहीत तर काय? त्याने बराच वेळ विचार करून उत्तर दिलं. मनू म्हणाली, "बाबा, ही सेज द फॉरेस्ट डझन्ट प्रॉमिस."

"त्याला सांग, रानाने नसेल दिला, लॉजने शब्द दिला आहे."

"मी नाही सांगणार," ती चक्क मराठीत म्हणाली. सुनंदा कपाळाला हात लावून बोलली, "तुम्ही रानाशीपण भाव कराल."

त्या सकाळी कमळांकडे जाताना, अजून ऊन वर आलं नव्हतं तेव्हा, आबांनी हात वर केला. आधी कधी त्यांनी हात वर केला नव्हता. राइमुंदोने वल्हं उचलून धरलं. होडी वाहत वाहत एका वठलेल्या झाडापाशी थांबली. आबा वर बघत होते. राइमुंदोने त्यांच्या नजरेच्या रेषेत बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. अगदी हळू म्हणाला, "उरुताऊ."

आबा त्याहून हळू म्हणाले, "रातव्याचा भाऊ."

रातवा हा रात्री उडणारा पक्षी आमच्या रानात असतो. दिवसा पाचोळ्यात बसला की पाचोळाच होतो. पाय पडायची वेळ येते तेव्हा उडतो. हा त्याचाच कोणी परदेशातला भाऊबंद. तुटक्या फांदीच्या टोकावर तो मान ताठ करून, डोळे मिटून बसतो आणि फांदीचाच पुढचा तुकडा होतो. वर्षानुवर्षं त्या ओढ्याने जाणाऱ्या राइमुंदोलाही तो तिथे दिसला नव्हता. आबांना दिसला. मनूने कॅमेरा लावला, तिला भिंगातून दिसला.

सुनंदा म्हणाली, "मला नाही दिसत हो, आबा."

आबांनी राइमुंदोकडून वल्हं मागून घेतलं, ते तिच्या खांद्यापाशी आडवं धरलं आणि म्हणाले, "ह्या टोकावरनं बघ. दुसरं बेचकं. तिथनं वर. घाई नको." वेळ गेला. खूप गेला. मी घड्याळ बघितलं. कमळं राहिली होती, गळ राहिला होता, पोपट राहिले होते. सुनंदा बघत होती, आबा वल्हं धरून बसले होते, म्हाताऱ्याचा हात जराही हलत नव्हता. शेवटी तिच्या तोंडून "अगंबाई" निघालं. ती रडायलाच लागली. एका पाखरासाठी!

मग आबा माझ्याकडे वळले. "दिन्या, दिसला काय रं?"

मी वर बघितलं. खोड, फांद्या, काळपट खुंट. माझ्या काचांवर पहाटेच्या धुक्याची साय होती, ती मी पुसली, पुन्हा धरली. डोक्यात पुढची तीन ठिकाणं होती. "दिसला, दिसला," मी म्हटलं. "चला आता."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वल्हं राइमुंदोच्या हातात दिलं. होडी सुरू झाली. कमळं बघितली, गळ टाकला. पोपट नव्हते. मी लॉजवर परत येऊन त्याबद्दल भांडलो आणि जिंकलोसुद्धा.

मनूने काढलेला तो फोटो मी मोठा करून घेतला. एक वर्कशॉपच्या ऑफिसात लावला, एक गावच्या घरी पडवीत. ऑफिसातल्याचा मला उपयोगही झाला. नवं गिऱ्हाईक आलं की मी म्हणायचो, "यात पक्षी आहे, शोधा." ते शोधत असतं तेवढ्यात मी भाव सांगतो. मग मी उठून बोटाने दाखवतो, हा बघा, हा. गावी गेलो की पडवीतही तसाच दाखवायचो, चार माणसं जमवून. आबा झोपाळ्यावर बसलेले असायचे. कधी काही बोलले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात ते गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. बाराव्याला पंगत बसली, आणि जेवणं झाल्यावर माणसं आबांच्या आठवणी काढू लागली. शेजारच्या वाडीतला बाबू गुरव म्हणाला, "त्या परदेशातल्या रानाची गोष्ट आबानं शंभरदा सांगितली असंल. पन दर खेपेला नवीच वाटायची."

मी पुढे सरकलो. "काय सांगायचे?"

"तो रायमुंदा कसा होडी हाकायचा. मग ते पाखरू. आधी आबाला दिसलं, मग रायमुंदाला, मग मनूला, मग सूनबाईला. चौघं."

"आणि तिथे नेलं कोणी?"

बाबू गोंधळला. "ते नाय बा कधी बोलले."

चार माणसांत उभा राहून मी काय काय बोललो ते मला पूर्ण आठवत नाही. रायमुंदाला त्यांनी चार दिवस बघितलं होतं. मी जन्मभर राबलो होतो. मी दादाला म्हणालो, "तूच भरवलंस त्यांच्या कानात." दादाने खाली मान घातली. मी हाक यायच्या आत फाटकाबाहेर पडलो. मागून हाक आली नाही. मी मागे वळूनही बघितलं नाही. मुंबईला येऊन मिळेल त्या विमानाने बहारिन गाठलं.

त्यानंतर दर श्रावणात, आबांच्या तिथीला दादाचा फोन येतो. "पान ठेवलं. कावळा शिवला." मी "बरं" म्हणतो. तो "ठेवतो" म्हणतो. एवढंच.

या वर्षी तिथी आली तेव्हा मी अंगणात होतो. सकाळची वेळ, पोपट उतरलेले, रफीकचा डबा सुरू. दादा म्हणाला, "कसला आवाज रं? राखणीला हायस काय?"

तो थट्टाच करत होता, पण मी भडकलो. "हो! तुम्ही माळ्यावर, मी डब्यावर! जन्मभर तेच! रायमुंदाचं नाव घेतलं आबांनी, मनूचं घेतलं, माझ्या बायकोचं घेतलं. माझंच तेवढं जड झालं जिभेला!"

मग दादा म्हणाला, "तुला दिसलं न्हवतं ना दिन्या."

"काय?"

"रानातली गोष्ट सांगताना ज्याला दिसलं त्याचंच नाव घ्यायचं. संगती कोन होतं, कोनी नेलं, भाकर कोनी बांधून दिली, ते नाय सांगायचं. नायतर गोष्टीत खोटं शिरतं. आबांनी मला माळ्यावर पयल्यांदा हेच शिकवलं."

"मला कोणी शिकवलं?"

"तू माळ्यावर कुठं होतास," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं.

मी आवाज खाली आणला. एरवी कधी आणत नाही. "आबांना ठाऊक होतं? मी खोटं बोललो ते?"

"होडीतच. आनि मग तू पडवीत लोकांना बोट ठेवून दाखवायचास ना, तो पक्षी न्हवं रं. तो खुंट हाय. पक्षी त्याच्या बाजूला. मी एकदा बोलनार होतो, आबांनी मला डोळ्यानं गप केलं. नंतर म्हनाले, एवढ्या लांब नेलंय त्यानं मला, चार मानसांत त्याला उघडा पाडू नको. पन गोष्टीत घालनार नाय. दिसला नाय त्याला." मग म्हणाला, "म्हनायचे, नाय म्हनाला असता तर बसलो असतो की. दिवसभर बसलो असतो."

मी फोन ठेवला. फाटक उघडून मळ्यात गेलो. रफीकने डबा खाली ठेवला, त्याला वाटलं मी आता भांडणार. मी पोपटांपासून राखायला कपडा बांधलेल्या घोसांकडे बघत उभा राहिलो. आवाज थांबला तसे पोपट परत आले, एक, मग चार, मग सगळा थवा, आणि खजुराच्या अर्धवट कुरतडलेल्या फोडी टप टप खाली पडू लागल्या. रफीक केविलवाणा होऊन माझ्याकडे बघत होता.

"सेठ, बजाऊँ?"

"बजाओ," मी म्हटलं. "तुम्हारा काम है."

अशा भांडणाचा निकाल कसा लावायचा ते मला येत नाही. माणूस समोर असता तर मी ओरडलो असतो, उठलो असतो, दाराकडे चाललो असतो. कदाचित पाया पडलो असतो. आबांनी माझ्याकडून काहीच मागितलं नव्हतं. फक्त एक 'नाही'. जगातली सगळ्यात स्वस्त वस्तू. दिवसातून पन्नास वेळा मी ती गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकतो. आणि राग गेला असंही नाही. डबा माझ्या हातात कोणी दिला? ज्याला बांधाच्या टोकाला उभं केलं, त्याने पाखरं बघायची कुठे शिकायची? हे मला आबांना विचारायचं होतं, आणि ते राहून गेलं. तेही आता माझ्याच अंगावर आहे.

त्या शुक्रवारी वर्कशॉप बंद होतं. मी एकटाच मीना सलमानला गेलो, ऑफिसातला फोटो खिळ्यावरून काढला आणि घरी आणला. तीन दिवस तो बैठकीत भिंतीला टेकवून ठेवला. सुनंदा येता-जाता बघायची, विचारायची नाही. तिला विचारलं असतं तर तिने दाखवलं असतं. पंचवीस वर्षं तिच्यापुढे मोठ्या आवाजात बोललो आहे, तिला विचारवेना. मी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. खुंट होता, ज्यावर मी सात वर्षं बोट ठेवत आलो. त्याच्या बाजूला फांद्या होत्या. दुसरं काही नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मनूला फोन लावला. ती हॉलंडला शिकते. या सुट्टीतही आली नाही. मागच्या वेळी जेवताना मी तिच्यावर ओरडलो होतो, कशावरून ते आता आठवतसुद्धा नाही.

"बाबा? एव्हरीथिंग ओके? आई बरी आहे?"

"बरी आहे. मनू, तो फोटो आहे ना, आबांच्या पक्ष्याचा. तुझ्याकडे आहे?"

"लॅपटॉपवर आहे. का?"

"त्यात पक्षी नेमका कुठे आहे?"

ती हसली. "बाबा, यू शो इट टू एव्हरीवन."

"मला दिसला नव्हता," मी म्हटलं. "तेव्हाही नाही."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, कीबोर्डचा टकटकाट झाला.

"थांबा," ती म्हणाली. मराठीत. "मीपण उघडते. हं. खालून सुरू करा. मोठं खोड. तिथून दुसरं बेचकं."

"दिसलं."

"तिथून वर. घाई नको, बाबा."

तिला हे शब्द कोणाचे, ते आठवत असेल की नाही, ठाऊक नाही. मी विचारलं नाही. कुंपणापलीकडे रफीकने डबा बडवायला घेतला होता. मी फोटोजवळ सरकलो, इतका की माझ्या श्वासाने काचेवर साय धरली. ती पुसायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. काच आपोआप मोकळी होईपर्यंत थांबलो.

"बाबा? दिसला?"

खोड, बेचकं, वर चढणारी करडी फांदी.

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."